फरशीवर व्हिनाइल अंथरलं की झालं का?

प्रश्न: १२ बाय १५ फुटांची खोली, खाली काँक्रीटवर बसवलेली फरशी. समकालीन नृत्य आणि कथक, दोन्हींचा सराव करायचाय. फरशीवर थेट व्हिनाइल (नाचासाठी अंथरतात ती प्लास्टिकची चादर) चालेल?

उत्तर १: नाही. व्हिनाइलने पकड मिळते, लवचीकपणा नाही. उडीचा धक्का फरशी पायातच परत पाठवते. आधी नडग्या दुखतात, मग गुडघे. तरंगती जमीन करा. फरशीवर जाड प्लास्टिक, त्यावर साधारण फुटाफुटावर दाट फोमचे तुकडे, मग १२ मिमी प्लायचे दोन थर. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. थर एकमेकांना २० मिमी स्क्रूने जोडा, फरशीला अजिबात नाही. ठोकलं की लवचीकपणा गेला. भिंतीपासून १० मिमी जागा सोडा, नाहीतर दमट हवेत प्लाय फुगून मधोमध उचलतो.

उत्तर २: त्याआधी ओल तपासा. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून २४ तास ठेवा. खाली थेंब दिसले तर काम थांबवा.

उत्तर ३: कथकला व्हिनाइल नकोच, तत्काराचा (पायांनी धरलेल्या ठेक्याचा) आवाज दबतो. वरचा थर गुळगुळीत लाकडाचा ठेवा, मॅट पॉलिश करा (चकचकीत लॅमिनेट घामाने घसरतं). समकालीनपुरता व्हिनाइलचा रोल अंथरा. नंतर नळीवर गुंडाळा. घडी घातली तर वळ जात नाही.

प्रश्नकर्ता: आणि एकमेकांत अडकवायच्या फोमच्या मॅट?

उत्तर १: गिरकी घेताना पाऊल रुततं, अंग फिरतं, घोटा मुरगळतो. त्या व्यायामापुरत्या ठीक.