‘मदतीचा मोह आवरा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मीनल_क्राकोव

‘आकडेमोड’ यांचं परवाचं ‘मदतीचा मोह आवरा’ वाचून फार चिडले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: युद्धात घरदार सुटलेल्यांना सांभाळणं सरकारांचं आणि संयुक्त राष्ट्रांचं काम आहे, गल्लीत वर्गणी काढणारे स्वतःच्या समाधानासाठी काढतात, आणि त्यातून सीमेवर कपड्यांचे ढीग कुजतात. प्रतिसाद लिहायला बसले तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी २०१६ पासून पोलंडमध्ये क्राकोवला राहते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि दोन-तीन दिवसांत आमच्या स्टेशनावर पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका, म्हाताऱ्या, पोरं, मांजरांचे पिंजरे. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी, त्यामुळे पुरुष जवळजवळ नव्हतेच. फलाटावर कोण उभं होतं? आमच्याच इमारतीतले लोक, हातात पुठ्ठा धरून: ‘एक खोली, तीन माणसं’. घरी ठेवून घेणाऱ्याला माणशी दिवसाला ४० झ्लॉटी (तेव्हाचे साधारण ७०० रुपये) देण्याचा कायदा १२ मार्चला झाला. तोवर लोक आमच्या घरांत राहून आंघोळी-जेवणं करत होते.

आमच्याकडे युक्रेनमधल्या खार्किवची एक आई, तिची आई आणि सात वर्षांचा मुलगा अकरा आठवडे राहिले. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. पाकिटावरचं नाव सिरिलिक लिपीत, औषधवाल्याला वाचता येईना. शेजारच्या इमारतीत घरं साफ करायला येणारी एक युक्रेनी बाई होती, तिकडे नर्स होती. तिने दोन मिनिटांत सांगितलं कुठली गोळी ते. हे कुठलं मंत्रालय करणार होतं? ‘समाधान’ हा शब्द माझ्या फार वर्मी लागला आहे. त्या अकरा आठवड्यांत मला समाधान कधी वाटलंच नाही. रोज रात्री स्वयंपाकघरातून रडणं ऐकू यायचं.

आकडेमोड

मीनलताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही पहिल्या पंधरा दिवसांचं सांगताय, मी पुढच्या दोन वर्षांचं विचारतोय.

आणि पहिल्या पंधरवड्याचंही सगळं सांगा ना. एकट्या बायका-पोरींना ‘चला, गाडीत बसा’ म्हणणारे सगळेच सज्जन नव्हते. युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेमिशलला स्वयंसेवकांनाच शेवटी गाडीवाल्यांची नोंदणी सुरू करावी लागली. हा हौशी मदतीचा धोका नाही तर काय?

कपड्यांचं मी ऐकीव लिहिलेलं नाही. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला मी चार दिवस एका शाळेत मदतीच्या गोण्या सोडत होतो. फाटके परकर, एका पायाचे बूट, लग्नातले जरीचे ब्लाउज. बाहेर बायका चिखल काढत होत्या, त्यांना फावडी, फिनेल आणि कोरडी अंतर्वस्त्रं हवी होती. आम्ही १४ माणसं चार दिवस त्या चिंध्या निवडत बसलो. तेवढ्यात किती घरं धुऊन झाली असती? तेव्हापासून ‘मदत पाठवा’ हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

पंचगंगाकाठ

पोलंड आणि मदत म्हटल्यावर वळिवड्याचं नाव कोणीच कसं घेत नाही? १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियाने सायबेरियात नेऊन टाकलेली माणसं, इराणमार्गे आपल्याकडे आली. पण जिथे तिथे पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांचंच कौतुक. त्यांच्या बालाचडीच्या छावणीचं मोठेपण मला मान्य आहे. पण तिथे हजारभर मुलं होती, आमच्याकडे अख्खं गाव होतं: शाळा, चर्च, नाटकं, स्काउट. वॉर्सात कोल्हापूरचंही स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या लोकांना कळलं. कोल्हापूरकरांनी परक्यांना पोटाशी धरलं तेव्हा कुणी हिशेब मागितला नव्हता.

आकडेमोड

हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. वळिवड्याचा खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा, परवानगी ब्रिटिशांची, बराकी सरकारी. त्यात वर्गणी कुठे होती?

पंचगंगाकाठ

माझे आजोबा कँपात भाजी आणि अंडी विकायचे. ते सांगायचे की त्या बायकांना महिन्याला हातात पैसे मिळत, त्या स्वतः बाजारात येत, घासाघीस करत, आपल्या चुलीवर आपलं जेवण शिजवत. आजोबांना त्यांच्या भाषेतले आकडे येत आणि त्यांना मराठी. एका बाईचं मूल आजारी होतं तेव्हा आजीने दोन महिने रतीब लावला, पैसे घेतले नाहीत. हे कुठल्या सरकारच्या खात्यात लिहिलंय? कागद नाही म्हणून घडलंच नाही का? माझ्या आजीला खोटं पाडू नका.

आकडेमोड

आजींना मी खोटं कुठे म्हटलं? मुद्दा सोडून भांडू नका.

गांधीनगरची_लेक

वळिवड्याची गोष्ट १९४८ ला संपत नाही. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकीत फाळणीत सिंध सोडून आलेली आमची माणसं आली. आज तुम्ही ज्या गांधीनगरात लग्नाचा बस्ता बांधायला येता, ते तेच. माझ्या आजीला मिळालेल्या खोलीत भिंतीवर क्रॉसची पुसट खूण होती. ती शेवटपर्यंत त्या भिंतीला पाठ करून बसली नाही. ‘इथे कुणीतरी प्रार्थना केलीय’ म्हणायची.

पोलिश पाहुण्यांचे सोहळे होतात, आनंद आहे. आमच्यासाठी मात्र एक पाटीसुद्धा नाही.

पंचगंगाकाठ

तुम्हाला बराकी तयार मिळाल्या, बाजारपेठ उभी राहिली. कोल्हापूरने काही कमी केलं का?

गांधीनगरची_लेक

तयार? आजोबा हैदराबादेत (सिंधमधल्या) शाळामास्तर होते. इथे आल्यावर रेल्वेच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकली, मग खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरले. ‘तुम्हाला सगळं मिळालं’ हे वाक्य प्रत्येक निर्वासिताच्या नातवंडाला ऐकावं लागतं. युक्रेनच्या मुलांनाही पोलंडात ऐकावं लागत असेल.

मीनल_क्राकोव

लागतं. आता शाळेतसुद्धा लागतं.

पंचगंगाकाठ

ताई, माझं चुकलं. ‘तयार’ हा शब्द मागे घेतो. पण जामनगरबद्दल जे म्हटलं ते कायम.

जुना_गिरगावकर

माझं वय ६९. १९७१ ला बांगलादेशातून जवळपास एक कोटी माणसं आली. नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं वेगळं तिकीट लावावं लागे. वडील कुरकुर न करता लावायचे. त्याच सुमारास चाळीतल्या एका मंडळाने घरोघरी डबा फिरवला. मी माझ्या खाऊचे सव्वा दोन रुपये टाकले. त्या पैशांचं काय झालं, कुणी कधी सांगितलं नाही. पुढच्या गणपतीत मंडळाचा मंडप मोठा होता. मी पुरावा देऊ शकत नाही, पण तेव्हापासून डब्यात पैसे टाकताना हात अडखळतो. म्हणून आकडेमोड यांचा राग मला कळतो. तिकिटाचे पाच पैसे मात्र कधी खुपले नाहीत.

टर्नोपिलहून_परत

मी तेव्हा युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होतो. सीमेवर आम्हा भारतीय आणि आफ्रिकी मुलांना रांगेतून मागे ढकललं. दोन रात्री बर्फात. त्यामुळे युक्रेनसाठी वर्गणी म्हटलं की आजही घशाशी येतं. इथे सगळे एवढ्या उमाळ्याने लिहिताहेत म्हणून हे सांगावंसं वाटलं.

पण पलीकडे पोलंडात पाय ठेवल्यावर एका बाईने विचारलंही नाही मी कुठला. तिने माझे ओले मोजे काढले, कोरडे दिले आणि बीटचं गरम सूप हातात दिलं. तिचं नावही माहीत नाही. सरकारने विमानं पाठवली, त्याचे आभार. पण ती दोन दिवसांनी. मोजे आधी.

आकडेमोड

ठीक आहे. पहिल्या आठवड्यापुरतं मी चूक होतो असं लिहून देतो. ‘समाधानासाठी’ हा शब्दही नको होता. पण पुढे काय? मोजे देणारी बाई दोन वर्षांनी कुठे असते?

मीनल_क्राकोव

हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये प्शेमिशलच्या फलाटावर पोलिश आयांनी बाबागाड्या ठेवल्या होत्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिला. पुढच्या वर्षी फोटो कुणी काढत नव्हतं. मार्च २०२३ पासून सरकारी निवाऱ्यात १२० दिवसांहून जास्त राहणाऱ्यांना निम्मा खर्च भरावा लागू लागला, माणशी दिवसाला ४० झ्लॉटीपर्यंत. म्हाताऱ्यांना, अपंगांना सूट होती, पण धडधाकट बाईला पोलिश येत नसेल तर काम कुठलं? आमच्या मदतगटात २०२२ ला साठ जण होते, आता नऊ आहोत. थकले लोक. त्यांना नावं ठेवत नाही, मीही थकले.

कपड्यांचं तुमचं खरंच आहे. सीमेवरच्या मेडिकाला ढीग मी स्वतः पाहिलेत, आणि पहिल्या खेपेला त्यात माझीही एक पिशवी होती. गाडीवाल्यांची नोंदणी करायला हवी होती ती पहिल्या तासापासून. कबूल.

पण म्हणून ‘मोह आवरा’ कसं म्हणता? वळिवड्याच्या बायकांना हातात पैसे मिळत होते, हे पंचगंगाकाठ यांनी सांगितलं तेच आम्ही फार उशिरा शिकलो. आता आम्ही वस्तू घेत नाही. नऊ जण मिळून दोन कुटुंबांच्या घरभाड्यातली तूट भरतो आणि एका बाईच्या पोलिश वर्गाची फी. काय हवं ते आधी त्यांना विचारतो. पैसे इथल्याच मराठी मंडळींचे, भारतातून मी एक रुपया मागितलेला नाही.

जुना_गिरगावकर

मग हिशेब कोण ठेवतं?

मीनल_क्राकोव

मीच, वहीत. काका, तुमची डब्याची गोष्ट वाचल्यावर ती वही सगळ्यांना दाखवायला हवी असं वाटायला लागलंय.

आकडेमोड

वही नको, तक्ता करा. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवलात तर मी तपासून देईन, पैसे घेणार नाही. पावत्या पोलिश भाषेत असल्या तरी चालेल, आकडे कळतात.

गांधीनगरची_लेक

आणि पाटीचं काय, पंचगंगाकाठ?

पंचगंगाकाठ

रविवारी गांधीनगरात येतो. ती खोली अजून असेल तर दाखवा.