मदत हवी आहे : प्लेस्टेशन, एक्स्टेन्शन बोर्ड आणि डिचोलीतलं जुनं घर

नमस्कार मंडळी,

भाच्यासाठी प्लेस्टेशन ५ घेतलाय. घर कौलारू, वायरिंग आजोबांपासून तुकड्या-तुकड्यांनी वाढत आलेलं. टीव्हीमागे ६ अँपिअरचा एकच सॉकेट. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्या बोर्डावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर नि आता हा. चवथीला मखराच्या माळाही तिथेच लागतात, ते वेगळंच.

लोडचा हिशेब मांडला. कन्सोलचा पॉवर सप्लाय ३५० वॉटचा, खेळताना ओढतो साधारण २००. टीव्ही दीडशे धरा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट, म्हणजे भरपूर जागा आहे. तरी तासाभरात भिंतीतला प्लग चांगलाच तापतो, तोही एकाच पिनेकडे. काढून बघितला तर ती पिन काळवंडलेली, आणि सॉकेटात प्लग लुळा पडतो.

दुकानदाराच्या सांगण्यावरून स्पाइक गार्ड (व्होल्टेजचे झटके अडवणारा बोर्ड) आणला, त्याचा अर्थिंगचा दिवा लागत नाही. वायरमन म्हणतो, "कन्सोलची वायर दोन पिनांची, अर्थिंग हवंय कशाला?" मला काही पटलं नाही.

शिवाय पावसात वीज सारखी ये-जा करते. मध्येच गेली की पुन्हा लावल्यावर कन्सोल स्टोरेज तपासत बसतो. संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस पडून आहे, चालेल का?

प्रतिसाद (फोंडा) :
आधी तो प्लग. लोडचा दोष नाही, सॉकेटातली पितळी पट्टी ढिली झालीय. ढिल्या जागी रोध वाढतो, ती तापते, तापून आणखी ढिली होते. सॉकेट बदलेपर्यंत तिथे काहीच लावू नका. प्लगची पिन काळी पडलीय, तेव्हा बोर्डही नवाच घ्या.

वायरमन अर्धाच बरोबर आहे. कन्सोलला स्वतःला अर्थ लागत नाही. पण स्पाइक गार्डला जादा व्होल्टेज जमिनीत सोडायला वाट हवी, नाहीतर तो फेज-न्यूट्रलमधलाच झटका अडवतो. आणि अर्थिंग अख्ख्या घरालाच हवं, फ्रिज आहे, गिझर आहे. आपल्याकडे जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये खडखडीत सुकतो, नेमक्या गडगडाटाच्या दिवसांत. पाणी घालत जा. मात्र वीज जवळ पडली तर कुठलाच गार्ड पुरत नाही. ढग वाजायला लागले की प्लग काढा, डिशची केबलसुद्धा.

यूपीएस : ६०० व्हीए म्हणजे बहुधा ३६० वॉट. टीव्ही लावू नका. कन्सोल नि राउटर लावून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळाला तरी पुष्कळ. बॅटरी तपासून घ्या, पडून राहिली की मरते. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहरीची वीज देतात, घरच्या विजेसारखी वळणदार नव्हे; तिच्याशी असले पॉवर सप्लाय जुळत नाहीत, वीज जाताच कन्सोल बंद पडतो. एकदा मेन बंद करून बघा, पण गेम चालू नसताना.

धागाकर्ता :
आभारी आहे काका. शेजारच्या खोलीत एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट आहे. तोवर तिथून बोर्ड ओढू?

प्रतिसाद (फोंडा) :
अजिबात नको. त्या पॉइंटमागे २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) असणार. तुमच्या बोर्डाची वायर त्यापेक्षा कितीतरी बारीक, जादा भार आला तर एमसीबी पडायच्या आधी ती जळेल. सॉकेट तीस-चाळीस मिनिटांचं काम आहे. वायरमन आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. जुन्या वायरिंगवर पहिल्या पावसात तो सारखा पडेल, तेव्हा वायरमनला गळती शोधायला लावा. तो आरसीसीबीच काढून टाकायला निघेल, काढू देऊ नका.