मांजर मोकळी सोडावी की घरात ठेवावी?

ठमीची_मावशी (वडोदरा)

काल पहाटे सहाच्या सुमारास माझ्या मांजरीने, ठमीने, बुलबुलाचं पिल्लू आणून माझ्या पायाशी ठेवलं. जिवंत होतं. चोचीच्या कडा अजून पिवळ्या, शेपटी नावालाच, आणि पंखाखाली सुईने टोचल्यासारखी दोन भोकं. रक्त जवळजवळ नव्हतंच, म्हणून वाटलं वाचेल. बुटांच्या खोक्यात मऊ फडकं घालून ठेवलं. दुपारी तीनला गेलं. जास्वंदीवर त्याचे आईबाप अंधार पडेपर्यंत ओरडत होते.

दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं. ओट्यावरून, पत्र्यावरून, ठमी कुठूनही ये-जा करते. तिला दोष देत नाही. पोट भरलेलं असलं तरी मांजर शिकार करते. भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. पण दार उघडं ठेवणारी मी आहे. म्हणून माझं मत आता पक्कं झालंय: पाळलेली मांजर बाहेर मोकळी सोडू नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नाहीच, आणि विणीच्या दिवसांत अजिबात नाही. बुलबुलाची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि खाली झुडपांत फडफडत राहतात. मांजरीला तेवढं पुरतं.

जुना_वाडा

ताई, पिल्लाचं ऐकून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. आमच्याकडे मांजर कोणी विकत आणली नाही, आजोबांच्या वेळेपासून एक ना एक असतेच. वर्षाचे गहू घरात भरतो, त्यामुळे उंदीर आलेच. माणूस धान्य साठवायला लागला, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आली. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेली मांजर सापडली ती साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची. शिकार हेच तिचं काम आहे.

ऑगस्ट 2024 आठवा. विश्वामित्री नदीचं पाणी गावात शिरलं, बिळं बुडली आणि उंदीर-घुशी माळ्यावर चढल्या. मगरींच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या. आम्हाला लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, धास्ती जास्त होती. आमचा बोका तेव्हा रात्र-रात्र माळ्यावर असायचा. त्याला एका खोलीत कोंडून ठेवायचं? नातेवाइकांच्या फ्लॅटमधली मांजर मी पाहिली आहे. दिवसभर काचेशी बसून कबुतराकडे बघत जबडा कडकडवते. तिचे हाल मला बघवत नाहीत.

ठमीची_मावशी

काका, लहान उंदरांचं मान्य. पण मोठे उंदीर आणि घुशी मांजर फारशा मारत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका भंगार-कचऱ्याच्या कारखान्यात संशोधकांनी कॅमेरे लावून भटक्या मांजरी आणि उंदीर पाहिले होते. ते 2018 मध्ये छापून आलं. 79 दिवसांत मांजरींनी उंदीर मारले फक्त दोन. मांजर दिसली की उंदीर आडोशाला जातात, बाहेर दिसत नाहीत, आणि आपल्याला वाटतं कमी झाले. अंगावर येणाऱ्या घुशीपेक्षा तिला पाल, खारीचं पिल्लू, चिमणी सोपी.

सयाजीबाग_पहाटफेरी

ताईंच्या बाजूने. अमेरिकेत 2013 साली काढलेला अंदाज असा की तिथल्या मोकळ्या मांजरी वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. त्यातला मोठा वाटा बिनमालकाच्या मांजरींचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणून दार बंद करण्याआधी नसबंदी. मादी वर्षाला दोन-तीनदा विते, ती पिल्लं कुठे जातात याचा विचार करा.

वासी_उत्तरायण

अहो, पक्ष्यांचा एवढा कळवळा आहे तर 14 आणि 15 जानेवारीला, उत्तरायणाच्या पतंगबाजीत, कुठे असतो? मी दरवर्षी मांज्याने कापलेली कबुतरं आणि बगळे उचलून उपचार केंद्रावर नेतो. गुजरातेत 2017 पासून जखमी पक्षी वाचवण्याचं सरकारी करुणा अभियान चालतं ते काही मांजरींमुळे नाही. जुनी झाडं गेली, कौलं गेली, चिमणीला वळचण उरली नाही. एका मांजरीला कोंडून तुम्ही मनाचं समाधान करून घेताय, एवढंच.

ठमीची_मावशी

मांज्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण मांजा वाईट म्हणून ठमीने मारलेलं पिल्लू जिवंत होत नाही. वळचण गेली, झाडं गेली, म्हणूनच उरलेल्या जास्वंदीची काळजी जास्त घ्यायची. मांजा बंद करणं माझ्या एकटीच्या हातात नाही, दाराची कडी आहे.

निवृत्त_पशुवैद्य

दोन गोष्टी सांगतो. पहिली, मांजरीने तोंडात धरलेलं पाखरू वरून ठीक दिसलं तरी खोक्यात ठेवून वाट पाहू नका. तिच्या दातांवरचे जंतू त्या बारीक भोकांतून आत जातात. त्याच तासाला डॉक्टरकडे न्या, अँटिबायोटिक लागतं.

दुसरी, तिला खायला काय देता?

ठमीची_मावशी

दूध-पोळी, दहीभात. आमच्याकडे मांस-मच्छी शिजत नाही.

निवृत्त_पशुवैद्य

वाटलंच. आपल्या ब्राह्मण घरांत मला हे कायम दिसायचं. मांजर पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचं द्रव्य तिला आहारातून लागतं आणि ते मांसातून मिळतं. पोळीत नाही, दुधात नगण्य. कमी पडलं तर डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतात. बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचतही नाही.

इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने 219 घरांतल्या 355 मांजरींवर प्रयोग केला, 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेल्या शिकारीत 36 टक्के घट झाली. रोज पाच-दहा मिनिटं दोरी-पिसाने खेळवलं तर 25 टक्के. गळ्यातल्या घंटेने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

जुना_वाडा

डॉक्टरसाहेब, हे नवीन कळलं. पण सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात मासळी कशी आणायची? आमची आई त्या दिवशी घर सोडेल. आणि मला तर बोक्याने उंदीर मारायला हवेत!

निवृत्त_पशुवैद्य

मासळी नको, मांजरींसाठी मिळणारं टॉरिनयुक्त तयार खाणं मागच्या ओट्यावर वेगळ्या वाटीत द्या. स्वयंपाकघराशी संबंध नाही. उंदरांसाठी त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट: गळपट्ट्यावर भडक रंगीत कापडी झालर लावली, तर घरी येणारे पक्षी 42 टक्क्यांनी कमी झाले आणि उंदरांच्या शिकारीवर परिणाम झाला नाही. पाखरांना रंग चटकन दिसतो, उंदरांना नाही. पट्टा मात्र ओढ बसली की आपोआप सुटणाराच घ्या, पत्र्याला अडकून मांजरी लटकलेल्या मी पाहिल्या आहेत.

ठमीची_मावशी

वाटी त्याच दिवशी मांडली. तासभर नुसती हुंगत होती, मग सगळं संपवलं. पत्र्याकडच्या खिडकीला जाळी बसवतेय. पहाटे पाचपासून ती दारावर नखं ओढतेय, तेव्हा मी जुन्या साडीची काठाची पट्टी जमिनीवर ओढत घरभर फिरते. मागचे पाय हलवत दबा धरते, झडप घालते, मानेच्या जागी चावते. अगदी तसंच. मग लगेच खायला देते आणि ती झोपते.

काका, तुमचा बोका उंदीर रात्री मारतो ना? मग पहाटे पाच ते नऊ त्याला आत ठेवा.

जुना_वाडा

झालर शिवून घेतो, घरात शिलाई मशीन आहे. पहाटेचं बघतो, आई पाचला उठून दार उघडते, तिला समजवावं लागेल. रात्री मात्र माळ्याचं दार उघडंच राहील.

वासी_उत्तरायण

उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचं कुंडं ठेवणार असाल तर भिंतीला किंवा झुडपाला लागून ठेवू नका. चारी बाजूंना मोकळी जागा हवी. आमच्याकडे मांजर टिपते ती पाणी प्यायला खाली आलेली चिमणीच.