जर्सीवरचा बॅज पावसाळ्यात सुटतोय. फॅन व्हर्जन घ्यावी की प्लेअर व्हर्जन?

परळचा_लेफ्टबॅक

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण वाचा प्लीज. मागच्या सीझनला पैसे साठवून ओरिजिनल प्लेअर व्हर्जन (खेळाडू मॅचमध्ये घालतात तशी) जर्सी घेतली, लाल रंगाची, एका मोठ्या इंग्लिश फुटबॉल क्लबची. क्लबचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. अधिकृत दुकानातून घेतली, बिल आहे, टॅग आहे, म्हणजे कॉपी असण्याचा प्रश्नच नाही. प्लेअर व्हर्जनवरचा बॅज शिवलेला नसतो, रबरासारखा उठावाचा असतो आणि गरम दाबून चिकटवलेला असतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

तर पाऊस सुरू झाला आणि बॅजची खालची कड उचलायला लागली, आता नखात धरता येते इतकी सुटलीये. वर बॅजमधला पांढरा भाग पांढरा राहिला नाही, फिकट गुलाबी दिसतो. जर्सी मशीनमध्ये कधीच टाकली नाही, थंड पाण्यात हाताने धुतो, इस्त्री लावलेली नाही. दुकानात नेली तर म्हणाले धुण्यात खराब झालीये, बदलून मिळणार नाही.

आणि खरं दुखणं हे आहे की माझ्या मोठ्या भावाची कॉलेजच्या वेळची साधी फॅन व्हर्जन (चाहत्यांसाठीची, स्वस्त) कपाटात आहे, तिचं कापड काखेत विरलंय, कॉलर गेलीये, पण छातीवरचा भरतकामाचा बॅज अजून ठणठणीत आहे. मग जवळजवळ दुप्पट पैसे कशाचे घेतात? नवीन सीझनची घ्यायचीये, यावेळी काय घेऊ? दुकानात उभं राहून बॅज चांगला की वाईट हे ओळखता येतं का? आणि हा सुटलेला बॅज परत बसवता येईल का?

धागा_बॉबिन_कुर्ला

आमचं कुर्ल्याला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे, शाळांचे लोगो, हॉटेलांचे युनिफॉर्म, लोकल टीमचे बॅज, सगळं करतो, त्यामुळे भरतकामापुरतं मी खात्रीने सांगू शकते.

पहिली गोष्ट, बॅज समोरून बघूच नका. जर्सी उलटी करा आणि आतून बघा. समोरून कुठलाही बॅज चमकतो, खरं काम मागे दिसतं. चांगल्या भरतकामात मागे बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, पांढरा दोरा टाक्याच्या साधारण मधल्या एक तृतीयांश भागात सरळ पट्टीसारखा दिसतो. वरचा रंगीत दोरा मागे गोळा होऊन लोंबत असेल किंवा बॉबिनचा पांढरा दोरा समोर डोकावत असेल तर मशीनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बिघडलेलं होतं आणि कोणी थांबून बघितलं नाही. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर उडी मारलेले दोरे कापलेत का तेही बघा, घाईच्या कामात ते तसेच राहतात आणि नंतर नखात अडकून टाका उसवतो.

दुसरं म्हणजे फ्यूजिंग, बॅजच्या मागे जो पांढरा न विणलेला कागदासारखा थर असतो तो. जर्सीचं कापड निटेड, म्हणजे ताणलं जाणारं, आणि भरतकाम ताणलं जात नाही. मधे दम असलेला थर नसेल तर पहिल्याच धुण्यात बॅजच्या भोवती चुण्या पडतात आणि त्या काही केल्या जात नाहीत. निटेड कापडाला तो थर कात्रीने कापायचा असतो, काम झाल्यावर हाताने फाडून टाकायचा प्रकार वापरला की तो दोन-चार धुण्यात विरघळल्यासारखा होतो आणि बॅज सैल पडतो. चांगल्या कंपन्या त्यावर आणखी एक मऊ पातळ फिल्म लावतात, त्वचेला टोचू नये म्हणून. हात आत घालून बघा, खरखरीत लागलं तर मुंबईच्या घामात दिवसभर घालवणार नाही.

आणि अक्षरं. नेहमीच्या चाळीस नंबरच्या दोऱ्याने साधारण पाच मिलिमीटरपेक्षा बारीक अक्षर नीट येत नाही, e चं पोट भरून जातं, a चा ठिपका होतो. त्यापेक्षा बारीक हवं तर साठ नंबरचा बारीक दोरा आणि बारीक सुई लागते, मशीन हळू चालवावं लागतं आणि तो खर्च सगळे करत नाहीत. म्हणून बारीक मजकुराचे बॅज बऱ्याचदा भरतकामाचे नसतातच, विणलेले असतात, म्हणजे लेबल विणतात तसे लूमवर, आणि मग जर्सीवर शिवतात. विणलेल्या बॅजला उठाव कमी पण रेष स्वच्छ. दोन्ही चांगले, फक्त विणलेल्या बॅजची कड कशी बंद केलीये ते बघा, कडेला घट्ट टाका नसेल तर तिथूनच धागे निघायला सुरुवात होते.

पंचिंगबद्दल पण लिहिते, कारण लोक मशीनला दोष देतात आणि निम्मा दोष पंचिंगचा असतो. पंचिंग म्हणजे डिझाईनवरून टाके आखणं, आणि टाके कुठे, कुठल्या दिशेने, किती दाट पडणार हे जो बसून ठरवतो त्याच्या हातात सगळं असतं. पक्ष्याच्या पंखाचे टाके पिसाच्या दिशेने पडले तर पंख जिवंत वाटतो, सगळे आडवे टाकले तर नुसता रंगाचा तुकडा दिसतो. तुमच्या भावाच्या जुन्या जर्सीचा बॅज टिकलाय कारण कोणीतरी हे काम मन लावून केलं असणार.

हीटप्रेस_डोंबिवली

ताईंनी भरतकामाचं सांगितलं, मी चिकटवलेल्याचं सांगतो. नावं-नंबर आणि बॅज लावायचं काम करतो, टर्फवरच्या (कृत्रिम गवताच्या मैदानावरच्या) बऱ्याच टीम आमच्याकडूनच करून घेतात.

भावा, तुझे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, ते एकत्र करू नको.

गुलाबी पांढरा: हे धुण्याने होत नाही. पॉलिस्टर कापडाला जो रंग असतो तो उष्णतेने वाफ होऊन सरकतो, सब्लिमेशन प्रिंटिंग त्याच गुणावर तर चालतं. लाल पॉलिस्टरवर पांढरा बॅज दाबताना तापमान जास्त झालं, किंवा बॅजच्या खाली रंग अडवणारा थरच नसला, की लाल रंग हळूहळू वर चढतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. कधी दाबल्यावर लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसतं. लाल आणि मरून जर्सीला हा त्रास सगळ्यात जास्त, म्हणून आम्ही अशा कापडाला कमी तापमानावर बसणारं मटेरिअल वापरतो, १३० अंशाच्या आसपास. पॉलिस्टरचा रंग थंड पाण्यात असा सुटत नाही, त्यामुळे दुकानदाराचं म्हणणं मला पटत नाही.

सुटलेली कड: इथे मात्र आपली हवा आडवी येते. हे उठावाचे बॅज बहुतेक टीपीयूचे, म्हणजे एक प्रकारचं पॉलियुरेथेन, आणि मागचा गमही बऱ्याचदा त्याच घराण्यातला. पॉलियुरेथेनला दमट आणि गरम हवा मारते, पाणी आत शिरून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, आधी चिकटपणा जातो मग तडे पडतात. जुन्या बुटांचे सोल न वापरता सुद्धा भुगा होतात तेही यानेच. मुंबईत जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, ओलसर जर्सी तशीच घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की झालंच. पण पहिल्याच पावसाळ्यात कड सुटली म्हणजे दाबतानाच त्या कडेला प्रेशर कमी पडलं होतं असं माझं मत, नाहीतर एवढ्या लवकर सुटत नाही.

परत बसवायचं तर घरची इस्त्री अजिबात लावू नकोस, उठाव सपाट होईल आणि आजूबाजूचं कापड चकाकेल. प्रेसवाल्याकडे ने, त्याला सांग जुना गम काढून नवीन गमाची फिल्म टाक, वर टेफ्लॉन शीट आणि रबर पॅड ठेव, कमी तापमान, दहा-पंधरा सेकंद. शिंप्याकडून कडेने शिलाई मारून घेऊ नकोस, टीपीयूला सुईची भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखी ती कड भोकांच्या रांगेवरूनच फाटते.

गॅलरी_अंधेरी

वरच्या दोघांनी मस्त लिहिलंय, पण एक बाजू राहिलीये, बॅज म्हणजे नुसता धागा आणि गम नाही ना. मी दरवर्षी बघतोय, बॅज सोपे सोपे होत चाललेत आणि त्यात हे बनवायचं गणितही आहे असं मला वाटतं, जेवढं डिझाईन सोपं तेवढं छापायला आणि चिकटवायला सोपं. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने २०१३ मध्ये बॅज बदलला आणि त्यातलं लॅटिन बोधवाक्य काढून टाकलं, लोक इतके चिडले, पिटिशन केली, शेवटी पुढच्याच सीझनला बोधवाक्य असलेला नवा बॅज आणावा लागला. लिव्हरपूलच्या जर्सीवर २०१२ पासून नुसता लिव्हर बर्ड (क्लबचं चिन्ह असलेला काल्पनिक पक्षी) आहे, शँकली गेट (त्यांच्या मैदानाचं फाटक) आणि हिल्सबरोच्या (१९८९ च्या स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीच्या) आठवणीच्या दोन ज्योती असलेला पूर्ण बॅज नाही, ज्योती मानेच्या मागे गेल्या. आर्सेनलने २०२४-२५ ला तर बॅजमधली नुसती तोफ लावली. इटलीच्या युव्हेंटसचं २०१७ चं ते नुसतं J अक्षर, त्यावर तर मला बोलायचंच नाही.

लिव्हर बर्ड एकटा सुंदर दिसतो हे मान्य, पण ज्योती हिल्सबरोला जीव गेलेल्या माणसांसाठी आहेत, त्या छातीवर असाव्यात असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे माझं मत, जर्सी घेताना बॅज किती टिकेल हे बघाच पण त्यात काय काय ठेवलंय हेही बघा.

बाकी फॅन की प्लेअर म्हणशील तर मी डोळे झाकून फॅन. प्लेअर व्हर्जन बनतेच मुळी नव्वद मिनिटांसाठी, वजन कमी, छातीला घासू नये, घाम जावा म्हणून बॅज चिकटवलेला असतो, आणि खेळाडूला क्लब नवीन जर्सी देतो. आपण तीच लोकलला लटकून अंधेरीला मॅचला घालून जातो, टर्फवर घालतो, वर्षानुवर्षं घालतो. ते तिचं काम नाहीये. जास्त पैसे घेतात ते कापडाचे आणि कटचे, टिकाऊपणाचे नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही आणि सांगायला हवं.

चर्नीरोड_१०

मला एक कळत नाही, एवढे पाच-सहा हजार घालण्यापेक्षा फॅशन स्ट्रीटला मास्टर कॉपी (चांगल्या प्रतीची नक्कल) मिळते त्यावर भरतकामाचा बॅज असतो, कधीकधी ओरिजिनलपेक्षा दाट टाके असतात. थाई क्वालिटी म्हणतात ती तर शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही. बॅज टिकवायचा एवढाच मुद्दा असेल तर तेच का नको? सगळ्यांना परवडत नाही हो ओरिजिनल, माझ्या बिल्डिंगमधली पोरं कॉपीच घालतात आणि तीही क्लबवर तेवढंच प्रेम करतात.

धागा_बॉबिन_कुर्ला

@चर्नीरोड_१० पोरांबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं, घालणाऱ्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण दाट टाके म्हणजे चांगलं काम हा गैरसमज आहे. कॉपीचं पंचिंग बऱ्याचदा फोटोवरून होतं, मूळ फाईल त्यांच्याकडे नसते, मग चुका झाकायला टाके दाट टाकतात, बॅज पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि पातळ कापड त्याच्या कडेला फाटतं. दोराही बघा, रेयॉनचा दोरा जास्त चमकतो म्हणून नव्या कॉपीचा बॅज डोळ्यात भरतो, पण ब्लीच लागलं की रंग उडतो, पॉलिस्टरचा दोरा तेवढा चमकत नाही पण रंग धरून राहतो.

आणि बनवणाऱ्याच्या बाजूने सांगते, आमच्याकडे लोक क्लबचे बॅज घेऊन येतात, पन्नास पीस काढून द्या म्हणतात, आम्ही करत नाही. क्लबचा बॅज हा ट्रेडमार्क असतो, खोटा ट्रेडमार्क लावून माल बनवला किंवा विकला तर ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. आर्सेनलने तर त्यांच्या जुन्या हायबरी मैदानाबाहेर स्टॉल लावणाऱ्या माणसावर केस केली होती, ती युरोपच्या कोर्टापर्यंत गेली, २००२ मध्ये तिथला निकाल क्लबच्या बाजूने लागला. छोट्या युनिटला असलं काही झेपणार नाही. त्यापेक्षा स्वतःच्या टीमचा बॅज बनवा, तो आम्ही जीव ओतून करतो.

परळचा_लेफ्टबॅक

मंडळी, खूप म्हणजे खूप आभार, एवढं दुकानात कोणीच सांगितलं नसतं. आत्ता भावाची जर्सी उलटी करून बघितली, ताई, तुम्ही म्हणता तसंच आहे, मागे बॉबिनची पांढरी पट्टी सरळ, एक दोरा लोंबत नाही आणि वर मऊ फिल्म आहे. ठरलं, यावेळी फॅन व्हर्जन, आणि दुकानात आधी उलटी करून बघणार.

@हीटप्रेस_डोंबिवली दादा, गुलाबी रंगाचं तुम्ही जे लिहिलंय ते मी कंपनीला मेलमध्ये लिहू का? आणि आधी प्रेस करून घेऊ की आधी तक्रार?

हीटप्रेस_डोंबिवली

आधी तक्रार, हात लावू नकोस. एकदा दुसऱ्याने प्रेस केलं की ते म्हणणार तुम्हीच बिघडवलं. उजेडात फोटो काढ, सुटलेली कड आणि गुलाबी भाग दोन्ही जवळून, आतल्या वॉशकेअर लेबलचाही काढ, बिलाचा जोड, आणि साध्या शब्दात लिही की कापडाचा रंग बॅजमध्ये चढलाय, हा प्रेसिंगचा आणि मटेरिअलचा दोष आहे. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन कर, तक्रार नोंदवून घेतात. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि वकील पण लागत नाही. जर्सी तोपर्यंत पिशवीत नको, हँगरवर सुकी ठेव.

गॅलरी_अंधेरी

आणि नवीन घेतलीस की उलटी करून धू, उलटीच वाळत घाल, सॉफ्टनर नको, पंख्याखाली वाळव. इस्त्री लागलीच तर आतून आणि बॅज सोडून. कुठली घेतलीस ते टाक इथे, बॅजच्या मागचा फोटो पण टाक.