उत्तर: सगळंच एसएसडीवर कशाला?
डीस्पेस 7 (संस्थेचा डिजिटल संग्रह सांभाळणारी प्रणाली) चालवायला सर्व्हरमध्ये कोणत्या डिस्क घ्याव्यात, या प्रश्नावर ‘सगळं एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या जलद डिस्कवर) ठेवा’ हा वरचा सल्ला अर्धाच पटला. डीस्पेस 7 मध्ये जलद डिस्क लागते ती पोस्टग्रेस या डेटाबेसला आणि सोलर या शोधयंत्राच्या इंडेक्सला. पीडीएफ, टिफ वगैरे मूळ फाइली जिथे राहतात ते असेटस्टोअर साध्या फिरत्या डिस्कवर निवांत चालतं. फक्त अनेक डिस्क एकत्र जोडायच्या रेड पद्धतींपैकी रेड 5 (एकच डिस्क गेलेली सोसणारी) नको, रेड 6 (दोन सोसणारी) घ्या. मोठी डिस्क बदलल्यावर रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) फार वेळ चालतं आणि नेमकी तेव्हाच दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं. (रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे आहेच.)

चेकसम तपासणीचा (फाइलवरून काढलेला आकडा पुन्हा जुळवून ती बिघडली नाही ना, हे पाहण्याचा) विषय मात्र कुणीच काढला नाही. ही तपासणी करणारा चेकर प्रत्येक फाइल पूर्ण वाचतो. 10 टीबी साठा सेकंदाला 100 एमबी वेगाने वाचायला जवळपास 28 तास लागतात, आणि असेटस्टोअर 1 गिगाबिटच्या नेटवर्कवर असेल तर तेवढा वेळ वाचकांची डाउनलोडही रखडतात. म्हणून साठवणीसाठी वेगळं नेटवर्क कार्ड घ्या, चेकरला वेळेची मर्यादा घालून तो रोज रात्री थोडाथोडा चालवा. आणि सगळी रॅम जावाच्या हीपला (जावा प्रोग्रॅमसाठी राखलेल्या मेमरीला) देऊन टाकू नका. डिस्क कॅशला (डिस्कवरून वाचलेलं रॅममध्ये धरून ठेवायला) जागा उरली नाही की सोलरचा शोध मंदावतो.