सिबिल ७८०, एक्सपेरियन ७१२, खरा कुठला धरायचा?

होम लोनचं चाललंय. क्रेडिट स्कोअरचे दोन ठिकाणी दोन आकडे, आणि रिपोर्टात टूव्हीलरचं लोन अजून चालू दाखवतंय, ते कधीच फिटलंय, एनओसी पण आहे. सारखं बघितलं की स्कोअर पडतो म्हणतात, खरंय का?

हिशेबी_माणूस: दोन्ही खरेच रे. कर्जांची नोंद ठेवून स्कोअर देणारे ब्युरो चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, प्रत्येकाचं गणित वेगळं. स्वतः बघितल्याने काही पडत नाही, बँकांकडे धडाधड अर्ज टाकलेस तर मात्र पडतो. चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्याच साईटवरून घे, ॲपच्या नादी लागू नको, नंतर लोनवाल्यांचे फोन झेलत बसशील.

डोंबिवलीकर: एनओसी जोडून ब्युरोकडे डिस्प्युट, म्हणजे चूक दुरुस्त करायची तक्रार, टाक आणि बँकेला पण मेल कर, कारण ब्युरो स्वतःहून काही खोडत नाही, बँकेने हो म्हणावं लागतं. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, रिझर्व्ह बँकेचाच नियम.

मीनल_ताई: आणि 'सेटल्ड' लिहिलंय का 'क्लोज्ड' ते नीट बघ. सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे भरले नाहीत असा अर्थ घेतात.