डिस्लेक्सिया आणि कॉलेज: तुमचे अनुभव लिहा

डिस्लेक्सिया म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरं-आकड्यांची होणारी अडचण. शाळेत त्यासाठीच्या सवलतींचे कागद आई-बाबा करतात. कॉलेजात स्वतः जाऊन सांगावं लागतं, आणि तिथंच बरेच जण गप्प बसतात. ज्यांनी डिस्लेक्सियासह कॉलेज केलंय किंवा करताहेत, त्यांनी इथं लिहा. 'जिद्द असली की सगळं जमतं' छापाचं नको, नेमकं काय घडलं ते हवं.

रफार_कुठे: बी.कॉम., दुसरं वर्ष. अकरावी-बारावीत डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र कपाटातच होतं, कारण वर्गात कळलं तर काय! अकाउंट्सला ८१ चे १८ उतरायचे आणि ताळेबंद जुळता जुळत नसे. आता ते दाखवतो, तर परीक्षेत तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. खरं सांगू? मार्क फार वाढले नाहीत. पण पेपर पुरा करून उठतो. वर्गात सर प्रश्न विचारतात तेव्हा खाली बघत नाही, हा त्याचाच परिणाम.

खिडकीपाशी: परीक्षेला लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते लिहिणारा, मिळाला तर मैत्रिणी म्हणाल्या, 'मजा आहे बाबा तुझी!' कसली मजा? लेखनिक आपल्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो आणि नेमकी त्याचीही परीक्षा त्याच आठवड्यात. शिवाय उत्तर आधी डोक्यात बांधायचं, मग एकेक वाक्य सांगायचं. ते जमायला लागलं तशी तोंडी परीक्षेची धास्ती गेली. आता सेमिनार मी मागून घेते. फळ्यावर लिहायचं मात्र अजूनही टाळते.

खडू_डस्टर: मी शिकवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासुद्धा, येते, हे आमच्या स्टाफरूममध्येही अनेकांना नवीन होतं. उभं करून मोठ्यानं वाचायला लावणं मी बंद केलं, सगळ्यांसाठीच. ज्याला वाचायचंय तो हात वर करतो.

रफार_कुठे: सर, 'सगळ्यांसाठीच' हे फार बरं केलंत. एकट्यालाच वगळलं की अख्ख्या वर्गाला कळतं.

चहाबाज: इंजिनिअरिंग. नोट्स फोनकडून वाचून घेतो, एसटीत कानाला लावून ऐकतो. पास होतोय. आत्मविश्वासाचं विचाराल तर दर सबमिशनला खालीवर. नोकरीच्या मुलाखतीत सांगावं का हो?

खिडकीपाशी: इंटर्नशिपच्या वेळी मी रुजू झाल्यावर सांगितलं. 'मोठा मेल असेल तर पाठवण्याआधी कुणीतरी नजर टाका', एवढंच. शेजारची ताई टाकते.